शेवटचा हात : घरी जुळवलेलं पिस्तूल आणि त्यावरचं नाव



घरी बनवलेलं पिस्तूल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गावठी कट्टा. टेबलावर मांडलेली चार-पाच ओबडधोबड हत्यारं, मागे उभे असलेले पोलीस, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला फोटो. हे चित्र खोटं नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे आपल्याकडे परवान्याशिवाय शस्त्र बनवणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि तो तसाच असावा असं आम्हालाही वाटतं. पण आज आपण ज्या लोकांविषयी बोलणार आहोत, ते वेगळ्या देशातले आणि वेगळ्या परंपरेतले आहेत. अमेरिकेत गेल्या शतकात असंख्य हौशी माणसांनी आपल्या तळघरात, गॅरेजमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुन्या धाटणीची ठासणीची पिस्तुलं आणि बंदुका जुळवल्या. कायद्याच्या चौकटीत राहून, उघडपणे. आणि यातली गंमत अशी की त्यांचा बहुतेक वेळ यंत्रणेवर खर्च व्हायचाच नाही. तो जायचा पृष्ठभागावर. लाकूड घासणं, लोखंडावर रंग चढवणं, पितळ बसवणं यावर. सुतार किंवा सोनार ज्याला शेवटचा हात फिरवणं म्हणतो, त्यावर.

आता कुणी म्हणेल, हा काय इतिहासाचा विषय झाला? पॉलिशचा कसला इतिहास? आमचं म्हणणं असं की या शेवटच्या हातातच एक मोठा प्रश्न लपलेला आहे. वस्तू कुणी बनवली हे तिच्याकडे बघून कळतं का? आणि जी वस्तू माणसाचा जीव घेऊ शकते, तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव असावं की नसावं? हा धागा धरून आपण सुमारे अडीचशे वर्षांचा प्रवास करू.

लँकेस्टरची दुकानं

सुरुवात अठराव्या शतकात, पेनसिल्व्हेनियाच्या आग्नेय भागात होते. लँकेस्टर आणि आसपासच्या गावांत जर्मन बोलणारे कारागीर स्थायिक झाले होते. त्यांनी मायदेशाहून आखूड, जाड नळीच्या शिकारी बंदुकीचा नमुना आणला होता. इथल्या जंगलांत आणि इथल्या गिऱ्हाइकांच्या हातात तो हळूहळू बदलत गेला. नळी लांब झाली, बार बारीक झाला, लाकूड सडपातळ झालं. हीच पुढे 'केंटकी रायफल' म्हणून प्रसिद्ध झाली. बनली पेनसिल्व्हेनियात, नाव मात्र केंटकीचं. याच दुकानांतून याच शैलीची पिस्तुलंही निघाली, पण संख्येने फार कमी. त्यामुळे आज ती दुर्मीळ आहेत.

हा कारागीर सगळं स्वतः करायचा असं मात्र समजू नका. चकमकीची ठिणगी पाडणारी यंत्रणा पुष्कळदा परदेशातून, बरीचशी इंग्लंडमधून, तयार यायची. मग त्याचं स्वतःचं काय? जुळवणी आणि शेवटचा हात. अक्रोडाऐवजी तो स्थानिक मॅपलचं लाकूड वापरायचा. त्यातही ज्याच्या रेषा लाटांसारख्या दिसतात असं लाकूड निवडायचा. आता या मॅपलची अडचण काय, तर ते गोरंपान असतं. तेल लावलं तरी लाटा नीट उठून दिसत नाहीत. म्हणून नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून ते पाणी लाकडावर पुसायचं आणि लाकूड उष्णतेजवळ धरायचं. पाहता पाहता लाकूड हिरवटातून लालसर तपकिरी होत जातं आणि लाटा जिवंत होतात. त्यावर जवसाचं तेल, तळहाताने चोळून, पातळ थरांत, दिवसेंदिवस.

लोखंडाची तऱ्हा आणखी मजेशीर. गंज हा लोखंडाचा शत्रू, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. या लोकांनी त्याच शत्रूला नोकरीवर ठेवलं. घासून गुळगुळीत केलेल्या नळीवर मुद्दाम पातळ गंज चढू द्यायचा, तो ब्रशने खरवडायचा, पुन्हा चढू द्यायचा, पुन्हा खरवडायचा. असं अनेकदा केलं की वर एक घट्ट, तपकिरी थर बसतो. तो चमकत नाही, म्हणजे शिकारीत उन्हाची तिरीप मारत नाही, आणि पुढचा गंज बराच काळ अडवतो. हाच गंजाचा थर दर वेळी उकळत्या पाण्यात टाकला तर रसायनच बदलतं. तांबूस ऑक्साइडचं काळं ऑक्साइड होतं, आणि तपकिरीऐवजी गर्द निळसर काळी झिलई मिळते. पुढे एकोणिसाव्या शतकात उत्तम बंदुकांवर ही पद्धत रूढ झाली.

आता आपल्या मुद्द्याकडे. या कारागिरांपैकी काहींनी नळीच्या वरच्या पैलूवर आपलं नाव कोरलं, पुष्कळांनी कोरलं नाही. पण जो किंडिग यांच्यासारख्या संग्राहकांनी अशा शेकडो बंदुका शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा लक्षात आलं की नाव नसलं तरी हात ओळखू येतो. दस्त्यावरची वेल कुठे वळते, पितळी झाकणाची कड कशी कापली आहे, यावरून गाव सांगता येतं, कधीकधी माणूसही. किंडिग यांचं या विषयावरचं पुस्तक १९६० मध्ये आलं, आणि त्यात बंदुका प्रदेशांच्या शैलीप्रमाणे लावलेल्या आहेत. आपल्याकडे जाणकार माणूस जुनं पैठणीचं काम पाहून जसा अंदाज बांधतो, तसंच हे.

कारखान्यात हात कुठे गेला?

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटलं. सॅम्युएल कोल्ट यांना रिव्हॉल्व्हरचं अमेरिकन पेटंट १८३६ मध्ये मिळालं, आणि १८५५ मध्ये हार्टफर्डला त्यांचा प्रचंड कारखाना उभा राहिला. एकाच मापाचे हजारो सुटे भाग यंत्रावर कापायचे, ही त्या काळाची नवी विद्या. पण एक गोष्ट लक्षात घ्या. भाग कापणं यंत्राकडे गेलं, तरी पृष्ठभागाचं काम कितीतरी वर्षं माणसाकडेच राहिलं. फिरत्या चाकावर पोलाद घासताना कड गोल होऊ द्यायची नाही, अक्षरं पुसट होऊ द्यायची नाहीत, हे सगळं हाताच्या दाबावर अवलंबून. मग कोळशाच्या भट्टीत निळी झिलई. आणि काही भागांसाठी हाडांचा कोळसा. लोखंडाचा भाग हाडांच्या कोळशात पुरून बंद पेटीत तापवायचा, म्हणजे वरच्या कातडीत कार्बन मुरतो. मग एकदम पाण्यात बुडवायचा. वरचा थर कठीण, आतला गाभा चिवट. आणि जाताजाता पृष्ठभागावर निळे, करडे, पिंगट ढग उमटतात. हे ढग दोन भागांवर कधीच सारखे येत नाहीत. म्हणजे सारख्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्यातही प्रत्येक वस्तू जराशी वेगळीच बाहेर पडायची.

विसाव्या शतकातल्या महायुद्धांनी हे बरंचसं संपवलं. लाखोंनी हत्यारं हवीत, लवकर हवीत, आणि चमकायला नकोत. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैन्याच्या .४५ पिस्तुलावर फॉस्फेटचा करडा, खरखरीत थर असायचा. काम एकदम चोख. तेल धरून ठेवतो, गंज अडवतो, आणि त्यासाठी तळहातात वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस लागत नाही. नागरी बाजारातही गरम क्षारांच्या टाकीत बुडवून निळं करण्याची झटपट पद्धत आली. जुनी झिलई महाग ठरली आणि ती देणारे हात निवृत्त होत गेले. यात कुणी खलनायक नाही, हे सांगायला हवं. लढाईत सैनिकाला ढगांची नक्षी नको असते.

हौशी मंडळी पुढे येतात

नेमक्या याच काळात, कारखाने जे टाकत होते ते उचलायला काही हौशी लोक पुढे आले. १९२४ मध्ये कॅप्टन डिलिन यांचं केंटकी रायफलवरचं पुस्तक आलं आणि जुन्या बंदुकांकडे अडगळ म्हणून पाहणाऱ्यांची नजर बदलू लागली. १९३१ मध्ये ओहायोतल्या पोर्ट्समथला ठासणीच्या बंदुकांचा नेमबाजीचा सामना झाला. त्यातून १९३३ मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुढे इंडियाना राज्यातलं फ्रेंडशिप हे छोटंसं गाव तिचं माहेरघर झालं.

काळ बघा. महामंदीचा. पैसा नाही, पण वेळ आहे. जुनी मोडकी बंदूक स्वस्तात मिळते. दुरुस्त करायची तर शिकवणार कोण? याच सुमारास पुस्तकं निघाली. क्लाइड बेकर यांचं १९२८ मध्ये, जेम्स हाउ यांचे दोन खंड १९३४ मध्ये, आणि केवळ निळ्या-तपकिरी झिलईच्या कृतींना वाहिलेलं अँजियर यांचं पुस्तक १९३६ मध्ये. १९३९ मध्ये आयोवातल्या माँटेझुमा गावात ब्राउनेल यांनी बंदूक-कारागिरांना हत्यारं आणि साहित्य पुरवण्याचा धंदा सुरू केला. युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडच्या महाविद्यालयात या कामाचा रीतसर अभ्यासक्रम सुरू झाला, आणि सैन्यातून परतलेले तरुण तिथे कानस धरायला शिकू लागले.

इथे एक इशाराही दिला पाहिजे. जुन्या कृती म्हणजे सगळं काही सोनं नव्हतं. कित्येक कृतींत पाऱ्याचं क्लोराइड असायचं, जहाल विष. जुन्या कारागिरांनी ते उघड्या हातांनी, बंद खोलीत वापरलं. परंपरा जपायची म्हणजे तिच्यातलं विषही जपायचं असं होत नाही. शहाण्या हौशी लोकांनी ही कृती सोडून दिली.

खोक्यातलं पिस्तूल

खरी लाट आली ती १९५० नंतर. १९५४ मध्ये टेनेसीतल्या युनियन सिटीला टर्नर कर्कलंड यांनी डिक्सी गन वर्क्स सुरू केलं आणि जुन्या बंदुकांचे सुटे भाग टपालाने घरोघरी जाऊ लागले. १९६१ ते १९६५ ही अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी. त्या युद्धातल्या रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृतींना मागणी आली. ती पुरवली इटलीतल्या ब्रेशाजवळच्या खोऱ्यातल्या कारखान्यांनी. तिथे बंदुका बनवण्याची परंपरा शतकांची. १९६८ मध्ये अमेरिकेत शस्त्रांचा कडक कायदा झाला, पण त्यात १८९८ पर्यंतच्या चकमकीच्या आणि टोपीच्या बंदुकांना आणि त्यांच्या प्रतिकृतींना पुरातन म्हणून वगळलं होतं. मग १९७१ मध्ये कनेटिकटमध्ये एक कंपनी निघाली, सी.व्ही.ए. तिने केंटकी धाटणीच्या पिस्तुलाचा संच खोक्यात घालून विकला. १९७६ मध्ये देशाच्या स्वातंत्र्याची २०० वर्षं साजरी होत होती. आजोबा-नातवांनी मिळून संच जुळवावा, असा तो माहोल.

खोक्यात काय असायचं? नळी आणि यंत्रणा तयार. दस्ता यंत्रावर बराचसा कापलेला, पण जाडजूड. पितळ ओतीव, खडबडीत. म्हणजे कारखान्याने सोपं ते केलं होतं आणि अवघड ते गिऱ्हाइकावर सोडलं होतं! आणि इथेच नवख्याची परीक्षा. पहिल्या पिस्तुलात चुका ठरलेल्या असतात. पॉलिश पेपर बोटाखाली धरून घासला की पैलूदार नळीच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. म्हणून कागदाच्या मागे सपाट लाकडी ठोकळा हवा, आणि त्याआधी कानस नळीच्या लांबीने ओढायला हवी. पितळ आणि लाकूड वेगवेगळं घासलं तर एकाची कड दुसऱ्याच्या वर राहते, म्हणून दोन्ही जागेवर बसवून एकत्र घासायचं. लाकूड गुळगुळीत झालं असं वाटलं की ओलं फडकं फिरवायचं. दबलेले तंतू उभे राहतात, हाताला खरखर लागते. ते वाळले की पुन्हा घासायचं. असं दोन-तीनदा. तेलाचा जुना नियम तर आपल्या औषधाच्या मात्रेसारखा आहे. आठवडाभर रोज एकदा, मग महिनाभर आठवड्याला एकदा, मग वर्षभर महिन्याला एकदा.

बाटलीतलं तयार निळं रसायनही मिळायचं. पुसलं की पाच मिनिटांत काम. पण ते पातळ, आणि लवकर झिजतं. घाई केलेलं पिस्तूल लगेच ओळखू येतं. जाणकार आधी स्क्रू पाहतात. स्क्रूच्या खाचेला ओरखडे नसतील, सगळ्या खाचा एकाच दिशेला असतील, आणि माथा मंद आचेवर तापवून मोरपिशी निळा केलेला असेल, तर करणारा माणूस कसा आहे ते कळतं. पोलाद तापवताना साधारण २३० अंशांना गवती पिवळं होतं, मग तपकिरी, जांभळं, आणि ३०० च्या आसपास निळं. काही सेकंद जास्त झाले की करडं. परत फिरता येत नाही. पुन्हा घासा, पुन्हा तापवा.

हौशी कामाचा कळस गाठला तो व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गमध्ये. तिथे अठराव्या शतकाचं गावच्या गाव जतन केलं आहे. तिथले बंदूक-कारागीर वॉलेस गस्लर यांनी लोखंडाच्या पट्टीपासून नळी घडवण्यापासून ते शेवटच्या कोरीवकामापर्यंत, संपूर्ण रायफल जुन्या हत्यारांनी बनवली. १९६९ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. जॉर्जियाच्या डोंगराळ भागातल्या शाळकरी मुलांनी आजूबाजूच्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेऊन 'फॉक्सफायर' नावाची पुस्तकमालिका चालवली होती. तिच्या १९७९ मधल्या पाचव्या खंडात लोहारकाम आणि चकमकीच्या बंदुकांवर सविस्तर मजकूर आहे. पुस्तकात कृती असते, पण 'आता पुरे' हे कधी म्हणायचं ते माणसाजवळ उभं राहूनच शिकावं लागतं. ती मुलं ते टिपून ठेवायला धडपडत होती.

नाव पुसण्याचा मोह

आता या कहाणीची काळी बाजू. हात इतका तयार झाला की नव्या वस्तूला जुनं रूप देता येऊ लागलं. नवीन नळीवर दोनशे वर्षांची झीज, पितळावर मळ, दस्त्यावर हाताच्या घामाची काळसर छटा. पुष्कळ नावाजलेले कारागीर हे आवडीने करतात, आणि त्यात गैर काही नाही, जोवर आत किंवा वर त्यांचं नाव आणि साल आहे. ते पुसलं, की तीच वस्तू बनावट पुराणवस्तू होते आणि इतिहासाच्या पुराव्यात विष कालवते. किंडिग यांच्यासारख्यांनी वेलीच्या वळणावरून गावं शोधली. उद्या कुणी त्या वळणाची हुबेहूब नक्कल केली आणि नाव लपवलं, तर ती सगळी विद्या डळमळते. यादवी युद्धाचे प्रसंग वठवणारे लोक इटालियन प्रतिकृतींवरचे आधुनिक शिक्के घालवून जुन्या पद्धतीचे मारतात. त्यावरही वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. वेषासाठी केलेली गोष्ट उद्या लिलावात अस्सल म्हणून उभी राहणार नाही, याची हमी कोण देणार?

आणि हाच प्रश्न आज कितीतरी मोठ्या आकारात समोर आला आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवायला परवाना लागत नाही. या जुन्या सवलतीचा आधार घेऊन गेल्या काही वर्षांत आधुनिक पिस्तुलांचे संच विकले गेले, ज्यांच्यावर क्रमांकच नाही. गुन्ह्यात सापडलं तरी माग लागत नाही. लोक त्यांना 'भुताची बंदूक' म्हणतात. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने नियम केला की असे संचही बंदूकच धरायचे, क्रमांक आणि ग्राहकाची पडताळणी बंधनकारक. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ अशा मतांनी तो कायम ठेवला.

वरवर पाहता दोन्हीकडे खोकंच आहे, दोन्हीकडे घरातलं टेबल आहे. मग फरक काय? एक फरक उघड आहे. चकमकीच्या पिस्तुलातून एक बार काढायचा आणि मग पुन्हा दारू ठासत बसायचं. पण आम्हाला दुसरा फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. एका परंपरेत माणूस महिनोन्महिने खपतो आणि शेवटी नळीवर आपलं नाव कोरतो. दुसरीकडे मालाचं सगळं आकर्षणच हे की त्यावर कुणाचंही नाव नाही. घरी काम करण्याच्या स्वातंत्र्याचा पुकारा दोघंही करतात. पण स्वातंत्र्यासोबत येणारी जबाबदारी पहिला कारागीर आपल्या हाताने कोरून ठेवतो, आणि ती जबाबदारी नाकारणाऱ्यांमुळे उद्या त्याच्याही छंदावर बंधनं येऊ शकतात, याची त्याला चांगलीच जाणीव आहे.

आपण काय पाहायचं?

आपल्याला हा छंद करता येणार नाही, आणि करावा असं आमचं सांगणंही नाही. पण पाहता येईल. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांची दालनं आहेत. पुढच्या वेळी तिथे गेलात तर ते हत्यार कुणी वापरलं, कोणत्या लढाईत वापरलं, हे प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा आणि पृष्ठभागाकडे नीट बघा. मुठीवर सोन्याची तार ठोकून केलेलं कोफ्तगिरीचं काम दिसेल. तार धरून राहावी म्हणून लोखंडावर आधी मारलेल्या बारीक रेघा, झीज झालेल्या जागी, अजून दिसतात. त्या रेघा मारणाऱ्याचं नाव पाटीवर बहुधा नसतं. तलवार कोणत्या सरदाराची ते असतं.

आणि घरात वडिलोपार्जित एखादी जुनी वस्तू असेल, अगदी अडकित्ता असो की पानाचा डबा, तर ती चकचकीत करण्याआधी थांबा. वर जो काळपट थर दिसतो तो दर वेळी मळच असतो असं नाही. कधी तो कुणीतरी मुद्दाम, दिवसेंदिवस खपून चढवलेला असतो. एकदा घासून काढला की तो माणूस कसा काम करायचा हे सांगणारा पुरावाच जातो. शंका असेल तर आधी एखाद्या जाणकाराला दाखवा, फोटो काढून ठेवा, आणि वस्तू कुणाकडून आली ते चिठ्ठीवर लिहून तिच्यासोबत ठेवा.

वेळ संपत आली आहे. आता आपण प्रश्नांकडे वळू.